पुठ्ठ्याची वाघीण

माझा नवरा माझ्याशी गोड बोलायला लागला तेव्हा मी खरी घाबरले.

आमच्या घरात गोड बोलायची रीतच नाही. लग्न झाल्यापासून आम्ही भांडतोय आणि उत्तम चाललंय आमचं. मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझी मशीन, मागच्या खोलीत खिडकीखाली ह्यांचं टेबल, आणि मधलं दार सदा उघडं, कारण बंद दारातून ओरडायला घसा ताणावा लागतो. मी पाय चालवता चालवता इकडून बोलणार, हे तिकडून उत्तर देणार. माझ्या गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झाली होती. माप देताना बायका हळूच विचारायच्या, "आज काय विषय?"

ह्यांचा पारा चढला की मी 'बाईसाहेब' व्हायची. एरवी 'अगं', फार तर 'ए'. पण बिनसलं की, "बाईसाहेब, माझा चिमटा कुणी उचलला?" आणि मग एकदम अहो-जाहोवर यायचे, "तुम्ही ठेवलात कुठे तो?" मीही काही कमी नाही. चिमटा माझ्याच मशीनच्या खणात सापडला तरी मी कबूल व्हायची नाही.

नोकरीत असताना हे एका कारखान्यात नकाशे काढायचे. नोकरी संपली, बारीक कामाचा नाद काही संपला नाही. हे मालगाड्या करतात. खेळण्यातल्या म्हणालात तर बोलणं टाकतील तुमच्याशी. खऱ्या मालगाडीच्या डब्याची मापं घेऊन, ती लहान करून, तळहातावर मावेल असं सगळं हाताने घडवायचं. दारं, कड्या, फळ्यांच्या फटी, सगळं. आणि डबा म्हणायचं नाही बरं का. "डबा स्वयंपाकघरात असतो. ही वाघीण आहे," असं मला इतक्यांदा ऐकवलंय की मी मुद्दाम डबाच म्हणते.

मग ह्यांना छातीचा आजार झाला. साध्या सर्दीवरून सुरू झालं आणि फुप्फुसात उतरलं. इस्पितळात नळ्या लावून पडले होते, तेव्हा मी देवाशीसुद्धा भांडून घेतलं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धोका टळला, घरी न्या." माझा जीव भांड्यात पडला. निघता निघता त्यांनी बजावलं, "धूर नको, उग्र वास नको, बारीक धूळ नको. आणि त्यांना बोलतं ठेवा. जितकं बोलतील तितकी छाती मोकळी होईल." मला हसूच आलं. म्हटलं, आमच्या घरात गप्प कोण बसतंय!

घरी आले आणि गप्प बसले.

म्हणजे बोलत नव्हते असं नाही. "चालेल." "छान." "तुला जमेल... तसं." मधे दम घ्यायला थांबावं लागायचं, म्हणून वाक्यंच आखूड करून टाकली होती. पण नुसता दमाचा प्रश्न असता तर मी समजून घेतलं असतं. ह्यांच्यातली धगच गेली होती. भाजी करपली, "चालेल." इस्त्री करताना सदऱ्याची कॉलर जाळली, "असू दे... होतं." मी मुद्दाम खिडकीपाशी ह्यांच्या टेबलावर माझ्या चिंध्यांचं गाठोडं आणून टाकलं. हे तिथून उठून कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. शेवटी एके दिवशी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. चांगलं चमचाभर. ह्यांनी एक घोट घेतला, जरा थांबले, दुसरा घेतला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"छान," हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि पदरात तोंड खुपसून रडले. माणूस घरी आणला होता, पण माझा नवरा काही अजून आला नव्हता.

वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, भेटायला आल्या आणि खूश होऊन गेल्या. "दादा किती निवळलाय गं! एक शब्द वाकडा नाही. नशीब काढलंस, वहिनी."

"मग न्या की हे नशीब चार दिवस तुमच्या घरी," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

त्यातच मंडळाच्या मेळाव्याचा दिवस जवळ आला. ह्यांच्यासारख्या वेड्यांचं एक मंडळ आहे. टायरच्या दुकानावरचा मोठा हॉल त्यांनी भाड्याने घेतलाय आणि तिथे टेबलं जोडून सगळ्यांनी मिळून एक रेल्वे उभी केलीय. डोंगर, पूल, गोदामं. प्रत्येकाची त्यात एक साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गाला फुटलेली आपली आपली छोटी लाइन. ह्यांची दगडाच्या खाणीची. साइडिंग फुटते तिथे तिथे रुळांखाली चुंबक पुरलेत. त्यांच्यावर वाघीण थांबवली आणि जोडणी सैल पडली की ती आपोआप सुटते, हात लावावा लागत नाही; गाडी ताणून ओढत नेली तर सुटत नाही. हे मला ह्यांनी इतक्या वेळा समजावलंय की मी ऐकणं सोडून दिलं होतं.

त्या मंडळाचा एक नियम आहे. दर वर्षी मेळाव्याला प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलेली एक नवी वाघीण आणायची. चाकं आणि जोडण्या विकतच्या चालतात, बाकी सगळं घरचं. ती गाडीच्या शेपटाला जोडतात आणि ती पूर्ण फेरा मारून आली पाहिजे. आली की माणसाची साइडिंग कायम. वाघीण आणलीच नाही किंवा वाटेत पडली, तर साइडिंग रांगेतल्या पुढच्या माणसाला. भांडण नाही, तंटा नाही, सगळे गुपचूप मानतात. पडलेल्याची टिंगल करायची नाही, हाही नियमच.

एके सकाळी हे म्हणाले, "त्यांना फोन... करतो. म्हणावं, माझी साइडिंग... देऊन टाका. मला आता... जमायचं नाही."

अगदी शांतपणे म्हणाले. मला धडकीच भरली. हा माणूस त्या टेबलाशी पुन्हा बसला नाही, तर असाच खुर्चीत बसून छान-छान म्हणत राहील आणि एक दिवस तेवढंही म्हणायचा बंद होईल, हे मला स्पष्ट दिसलं.

"फोनबिन काही करायचा नाही," मी म्हटलं. "आधी कपाट उघडा."

ह्यांनी कपाट उघडलं. पूर्वी मी त्या कपाटाला नुसता हात लावला असता तरी घर डोक्यावर घेतलं असतं. आता बाजूला उभे राहिले आणि मला एकेक वस्तू काढू दिली.

वरच्या कप्प्यात प्लास्टिकचे पांढरे पातळ पत्रे. ह्यांचं सगळ्यात आवडतं सामान. सुरीने रेघ मारली की कट्कन तुटतात, कडा सरळ येते. पण ते जोडायचे तर बाटलीतलं ते पातळ द्रावण लागतं. सांध्यावरून ब्रश फिरवला की प्लास्टिक विरघळून एकजीव होतं, आणि वास पुढच्या खोलीपर्यंत येऊन माझे डोळे चुरचुरतात. मी बाटलीचं झाकण नुसतं सैल केलं तर हे खोकायला लागले. गेलं प्लास्टिक.

त्याखाली पितळेचे पत्रे आणि तारा. त्यांना सोल्डरिंग करावं लागतं, आणि त्याचा धूर सरळ नाकात जातो. पितळही गेलं. मग लाकडाच्या पट्ट्या, काड्यापेटीच्या काडीहून बारीक, एकसारख्या चिरलेल्या. लाकडाला वास नाही, धूर नाही. माझी आशा पालवली. पण ह्यांनी पट्टीवर बोट फिरवून मान हलवली.

"घासावं लागतं. पॉलिश पेपरने. धूळ... होते."

"तोंडाला फडकं बांधा."

"डॉक्टरीणबाई... नको म्हणाल्या."

खरंच म्हणाल्या होत्या, मीच विसरले होते. मी पट्ट्या परत गुंडाळून ठेवल्या. मग म्हटलं, शेवटचा बाण मारून बघू. "मग विकतचाच आणू एक डबा. रंग तेवढा द्या वरून, कोणाला कळतंय!"

पूर्वी एवढ्यावरून हे दोन दिवस जेवले नसते. आता नुसतं हसले. "नको गं. नियम... आहे." डबा म्हटलेलंसुद्धा ह्यांच्या लक्षात आलं नाही.

कपाट रिकामं झालं होतं आणि मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात माझ्या कटिंगच्या टेबलाखाली माझी नजर गेली. तिथे माझे पॅटर्न असतात. बाही, कॉलर, पाठ, प्रत्येकाचा आकार जाड पुठ्ठ्यावर कापून ठेवते मी, म्हणजे दर वेळी मोजत बसावं लागत नाही.

आता पुठ्ठ्याची एक गंमत सांगते. मंडळाचे प्रमुख आहेत ते वाघिणी पुठ्ठ्याच्या करतात. औषधांची, साबणाची, मिळतील ती खोकी कापून. त्यांना खोकेवाले हे नाव पाडलं कोणी? ह्यांनीच. "पुठ्ठ्याची वाघीण म्हणजे वाघीण नव्हे, पार्सल आहे," असं भर मेळाव्यात म्हणाले होते. खोकेवाले बिचारे सज्जन, हसून सोडून दिलं, आणि नाव आपलं चिकटलं ते चिकटलंच. अशा माणसासमोर मी पुठ्ठ्याचं नाव काढणार होते. मनात म्हटलं, आता तरी उखडतील. उखडा बाई एकदाचे.

"पुठ्ठ्याची करायची?" मी विचारलं.

"चालेल," हे म्हणाले.

कपाळावर हात मारून घेतला मी. पण गाठोडं बाजूला सारून टेबलाशी बसले तर खरं.

पहिली वाघीण बुटांच्या खोक्याची केली. पांढऱ्या गोंदाने चिकटवली, पाण्यातला रंग दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही बाजू पोट आत ओढून घेतल्यासारख्या वाकलेल्या. ह्यांनी ती हातात धरली, दोन-तीनदा फिरवली, आणि खिडकीत ठेवून दिली. "असू दे," म्हणाले आणि उठायला लागले.

"बसा खाली," मी म्हटलं. "कुठे निघालात?"

मी ती वाघीण उचलली आणि तिचा पुठ्ठा फाडला. पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन इकडून वाकवला, मग तिकडून वाकवला. एका बाजूने लगेच वळला, दुसऱ्या बाजूने अडून बसला. अरे, हे तर कापड! कापडाला उभा धागा आणि आडवा धागा असतो, तसंच ह्याचंही. कोटाच्या आत आम्ही कडक अस्तर घालतो ते एकावर एक, धागा उलटसुलट ठेवून, नाहीतर पहिल्या धुण्यात कोट वाकडा. मी ह्यांना म्हटलं, "दोन पातळ पुठ्ठे घ्या. एकाचा धागा उभा, एकाचा आडवा. मधे गोंद, वर माझी गार इस्त्री. आणि रंग आतूनही द्या. एकाच बाजूला ओल लागली तर वाकेल नाहीतर काय!"

ह्यांनी तुकडा माझ्या हातातून घेतला. "छान," म्हणाले. पण हे 'छान' जरा निराळं वाटलं मला. निदान माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले.

खोक्यांचा पुठ्ठा खडबडीत होता, म्हणून मी माझे जुने पॅटर्न काढून दिले. एका वकिलाच्या कोटाची पाठ होती, वकील केव्हाच जाड झाले होते, ते माप आता कोणाच्या कामाचं नव्हतं. त्या पाठीतून वाघिणीच्या दोन्ही बाजू निघाल्या. फळ्यांच्या फटी ह्यांनी शाई संपलेल्या पेनाने दाबून काढल्या. मग एकदम हात थांबला.

"ती तुझी... दातेरी चाकी. देतेस का?"

कापडावर खुणा उठवायची माझी चाकी आहे, कडेला दाते असलेली. ती ह्यांनी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूने पट्टीच्या कडेने फिरवली, आणि पुढून बघते तर रिव्हेटांची सरळ ओळ उठलेली! हुबेहूब लोखंडी पट्टीवर असते तशी. ह्यांनी तुकडा उजेडात धरला आणि तिरका करून बघितला, पुन्हा बघितला. मी वाट बघत उभी. आता बोलतील, आता म्हणतील, "बघितलंत बाईसाहेब?" पण चाकी पुसली, मला परत दिली आणि म्हणाले, "थँक यू."

थँक यू! मला! मी मशीनवर जाऊन बसले आणि विनाकारण एक लांब शिलाई मारली.

वाघीण मात्र सुरेख झाली. दारं, कड्या, छपराचा उतार, सगळं. खिडकीच्या कट्ट्यावर ह्यांनी हातभर रूळ टाकलेत, त्यावर ढकलली तर डुगडुगली. पुठ्ठाच तो, त्याला वजन कुठलं? पूर्वी हे पोटात शिसं भरायचे, ते वितळवताना धूर होतो म्हणून आता डॉक्टरीणबाईंनी बंद केलेलं. हे दमले होते.

"वजन लागेल... आत. काहीतरी घाल. तुला जमेल... तसं. मग छप्पर... चिकटव."

हे जाऊन पडले. मी विचार केला, वजन म्हणजे माझ्याच हातचा मळ. जाड पडद्यांच्या खालच्या दुमडीत मी लोखंडी चकत्या घालते, म्हणजे पडदा सरळ पडतो, वाऱ्याने उडत नाही. त्या चकत्या मी वाघिणीच्या तळाला ओळीने चिकटवल्या, वर छप्पर बसवलं. रुळावर ढकलली तर अशी सुळकन गेली की मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

हे उठल्यावर म्हणाले, "घातलंस वजन?"

"घातलं."

"छान."

बस्स. काय घातलं, किती, कुठे, कशाने चिकटवलं, कोणाला विचारून, एक अक्षर नाही. ह्या माणसाने वाघिणीच्या पोटात काय गेलं ते विचारलं नाही! तेव्हाच मला खटकायला हवं होतं. पण मी आपली वाघीण झाली ह्याच आनंदात होते.

मेळाव्याला वन्संही आल्या होत्या. टायरच्या दुकानाच्या बाजूचा जिना हे थांबत थांबत चढले. हॉलमध्ये सगळे भोवती जमले. खोकेवाल्यांनी ह्यांना खुर्ची दिली आणि मग ती वाघीण हातात घेतली. खाली वर करून बघितली, नखाने वाजवून बघितली. मला वाटलं, आता खोकेवाले जुनं उट्टं काढणार. पण ते भले गृहस्थ म्हणाले, "पार्सल छान बांधलंय हो."

सगळे हसले. हेही हसले, तेच ते सौम्य हसू.

वाघीण शेपटाला जोडली. खोकेवाल्यांनी बटण फिरवलं आणि गाडी निघाली. पूल गेला, डोंगरातला बोगदा गेला, आमचा डबा आपला सगळ्यांच्या मागून ऐटीत. वळण सुटलं, गाडी वाटेतल्या पहिल्याच साइडिंगपाशी, म्हणजे ह्यांच्या खाणीपाशी आली, आणि आमची वाघीण एकाएकी पुढे धावली, पुढच्या वाघिणीला टेकली, जोडणी सुटली, आणि ती तिथेच ठप्प उभी राहिली. गाडी पुढे निघून गेली.

नियमाप्रमाणे कोणी टिंगल केली नाही. सगळे बुटांकडे बघायला लागले. साइडिंग गेली, टेबल गेलं, आणि आता हे म्हणणार, 'असू दे'. ते 'असू दे' ऐकायची माझी तयारी नव्हती.

हे खुर्चीतून उठले. वाघिणीला बोटाने हलकेच ढकललं, हलेना. उचलून वीतभर पुढे ठेवली आणि ढकलली, छान पळाली. परत जुन्या जागी ठेवली, पुन्हा जागच्या जागी चिकटली. ह्यांनी ती कानाशी नेऊन हलवून बघितली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. कान लाल झाले होते.

"बाईसाहेब!"

हॉलमधल्या खिडक्यांची तावदानं हलली म्हणाल तर खोटं नाही.

"बाईसाहेब, लोखंड? वाघिणीच्या पोटात लोखंड घातलंत तुम्ही? इतकी वर्षं मी घसा फोडून सांगतोय की रुळांखाली चुंबक आहेत, माझ्या वाघिणीत खिळासुद्धा लोखंडाचा नसतो, चाकांचे आससुद्धा मी शोधून शोधून पितळेचे आणतो, ते काय हौस म्हणून? आणि ह्या चकत्या पडद्यातल्या ना? पडद्यातल्याच! वाघीण म्हणजे काय खिडकी वाटली तुम्हाला? हे चालणार नाही, अजिबात चालणार नाही, आत्ताच्या आत्ता छप्पर काढायचं आणि एकूण एक चकती बाहेर!"

मी ऐकत होते. शब्द नव्हते ऐकत, श्वास ऐकत होते. मधे कुठे थांबलेच नाहीत. चकत्यांवरून पडद्यावर गेले, पडद्यावरून खिडकीवर गेले, आणि दम सगळ्याला पुरला.

"दादा, अरे हळू, तब्येत..." वन्सं पुढे झाल्या.

"तुम्ही गप्प बसा, वन्सं," मी म्हटलं. "बोलू द्या त्यांना." माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मला हसू आवरत नव्हतं. मग मीही पदर खोचला. "विचारायचं होतं ना मग! मी घातलं म्हटलं, तुम्ही छान म्हणालात! सगळ्यालाच छान! चहात मीठ घातलं तरी छान, मला काय स्वप्न पडणार होतं तुमच्या चुंबकांचं?"

"मीठ? ते तू मुद्दाम घातलं होतंस?"

"मुद्दाम! चमचाभर!"

"आणि मी समजतोय, आजारपणात माझ्या जिभेची चव गेली!" हे ओरडले, मग खोकले, खोकेवाल्यांनी दिलेलं पाणी प्याले आणि पुन्हा सुरू झाले. "माणूस मरणाच्या दारातून आलाय आणि ही त्याला मीठ पाजतेय!"

मंडळाची माणसं इतकी अवघडली होती की काही जण डोंगराच्या मागे जाऊन उभे राहिले.

माझ्या पर्समध्ये शिवण उसवायचं पातं असतंच. ह्यांनी ते हिसकावून घेतलं, खुर्चीत बसले आणि छपराची कड अलगद सोडवली. हात जरासुद्धा कापला नाही. एकेक चकती उचकटून माझ्या तळहातावर ठेवली, प्रत्येकीला दोन शब्द ऐकवून. "आता वजन कसलं घालणार?" मी विचारलं. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं. रुळांच्या कडेने पसरायची बारीक खडी एका बरणीत होती.

"दगडाच्या खाणीची वाघीण आहे. दगडच घालायचे," हे म्हणाले. खोकेवाल्यांनी खिशातून गोंदाची बाटली काढली. पुठ्ठ्याचा माणूस, त्यांच्या खिशात गोंद असणारच. छपराचा गोंद वाळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून मी पर्समधला दोरा काढून छपरावरून गच्च गुंडाळला आणि गाठ मारली.

"दोरा चालतो का पण?" कोणीतरी डोंगरामागून विचारलं.

खोकेवाले म्हणाले, "वाघीण पडली नाही, नुसती सुटली. पुन्हा जोडू या. आणि दोऱ्याबद्दल नियमात काही नाही. आता खरंच पार्सल झालं."

"पार्सल म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा," हे म्हणाले. "पुठ्ठा असा काही वाईट नाही. तुमचा वाईट आहे. तुम्ही धागा बघत नाही."

खोकेवाल्यांना एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. दोऱ्याने बांधलेली आमची वाघीण पूल, बोगदा, वळण सगळं करून साइडिंगवरून डौलात पुढे गेली आणि पूर्ण फेरा मारून आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साइडिंग कायम झाली, पण मला विचाराल तर टाळ्या वाजेपर्यंत मला साइडिंगची फिकीरच राहिली नव्हती.

परतताना जिन्याच्या मधल्या पायरीवर हे दम घ्यायला थांबले.

"एवढे दिवस का हो असे वागलात?" मी विचारलं.

ह्यांनी कठड्याला हात टेकला. "इस्पितळात तू रडताना बघितलं मी. तुला वाटलं मी झोपलोय. म्हटलं, जगलो तर हिला त्रास द्यायचा नाही. एक शब्द वाकडा बोलायचा नाही."

"शहाणेच आहात," मी म्हटलं. "त्या रडण्याच्या दुप्पट रडवलंत तुमच्या त्या 'छान'ने." ह्यांनी माझा हात धरला. मग आम्ही उरलेला जिना उतरलो.

वाटेत मी सुचवलं, "पुढच्या डब्याचं छप्पर कापडाचं करू. कडक अस्तर लावून."

"वाघीण. आणि कापड चालणार नाही."

"का नाही चालणार?"

त्याचं उत्तर घर येईपर्यंत पुरलं. घरी आल्यावर हे सरळ मागच्या खोलीत गेले, दिवा लावला आणि टेबलावरचं माझं चिंध्यांचं गाठोडं उचलून मधल्या दारातून पुढच्या खोलीत फेकलं. मी चहा ठेवला. कप भरला आणि त्यात, चांगलं चमचाभर, मीठ घातलं. ह्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि मशीनपाशी येऊन बसले.

"बाईसाहेब!" मागच्या खोलीतून आरोळी आली, आणि माझा जीव भांड्यात पडला.